तू धाडलेले वैद्य पोचले

सौसर, ता. १८ मार्च १९५७

ती. ताईच्या पायाशी मोरेश्वरचा नमस्कार. (पूर्ण वाकलो असतो, पण मग उठवायला दोन माणसं लागतात.) भाऊजींचा खोकला आणि तुझे गुडघे आता बरे असतील. माझं विचारशील, तर मी आजारापेक्षा उपचारानं वैतागून राहिलो आहे, आणि त्यात तुझा हात मोठा आहे.

दिवाळीत उजवा डोळा तीन आठवडे धूसर झाला, मग डावा पाय बधिर पडला, हे तू जाणतेसच. तुमच्या नागपूरच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. (नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, म्हणजे आजार एका राज्यातला आणि रजेचा अर्ज दुसऱ्यातला.) आमच्या तहसिलीतल्या बड्या बाबूंना ते नाव हिंदीत हवं होतं. दोन दिवस विचार करून त्यांनी 'पैर की तकलीफ' लिहिलं. डोळ्याचं काय, विचारलं, तर म्हणाले, रकान्यात जागा नाही.

मग तू धाडलेले बोरगावचे पुंडलिकराव वैद्य आले. तासभर नाडी धरून बसले. असं नाव ग्रंथात नाही, पण वात बिघडून मज्जेत शिरला की अशीच लक्षणं होतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. वांगी बंद, वाल बंद, जागरण बंद. रोज सकाळी तिळाच्या तेलानं मालिश. आता मी खुर्चीवरून घसरतो. परवा कचेरीत खसऱ्याच्या, म्हणजे शेतांच्या नोंदीच्या, एका पानावर माझा तेलकट हात टेकला, तर मागचं शेत पुढच्या शेतात दिसू लागलं. पटवारी भांडायला आला. सासूबाईंनी (अंबाबाई कधी गप्प बसल्या आहेत?) मला जामसांवलीच्या मारुतीला बैलबंडीतून नेलं. येताना त्या बंडीनं जे हाल केले, ते वातानंही केले नव्हते.

कहर झाला तो शेकाचा. निरगुडीचा पाला उकळून घंगाळ बाजेखाली ठेवलं, वरून मला दोन घोंगड्यांत गुंडाळलं. पंधरा मिनिटांनी उठायला गेलो, तर दोन्ही पाय जागेवर नाहीत आणि डोळ्यांपुढे धुकं. संध्याकाळपर्यंत ओल्या पंच्यात पडून राहिलो, तेव्हा कुठे पाय परत आले. पुंडलिकराव तोवर हलले नाहीत. त्यांच्यावर ओरडायचं मी ठरवूनच ठेवलं होतं. पण तेच हळू आवाजात म्हणाले, "चूक माही झाली. तुम्हाले उष्णता मानवत नाही. शेक आजपासून बंद. बरं करतो असं मी म्हणत नाही, दिवस थोडे सोपे करून देतो."

अशा माणसावर रागवायची सोयसुद्धा राहत नाही. आता मालिश कोमट तेलाची, दुपारी विश्रांती, ऊन चढण्याआधी कोपऱ्यावरच्या मारुतीच्या पारापर्यंत चालणं. डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका, हेही त्यांनीच बजावलं.

भाऊजींना नमस्कार.
तुझा, मोरेश्वर

ता. क. हा आजार कायमचा जायचा नाही, असं डॉक्टर मला एकट्याला बोलले. उषाला मी सांगितलेलं नाही. चार वेळा तोंड उघडलं, चारही वेळा चहा मागितला. तू ये आणि तिला नीट सांग. पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. दुसरा. ताईंना उषाचा नमस्कार. पाकिटाला गोंद लावायला यांनी माझ्याच हाती दिलं. डॉक्टरांनी ते मला यांच्या आधीच सांगितलं होतं. मला माहीत नाही असं समजून हे दिवसभर माझ्यासमोर हसत राहतात, तेवढा वेळ यांचा बरा जातो. म्हणून यांना काही बोलू नका. पण या मात्र नक्की. तुम्ही आलात म्हणजे मला कुणाजवळ तरी बसून रडता येईल.