लिहिणाऱ्यानं हात लावायचा नाही

२ डिसेंबर, वाई
सुमन जाऊन तीन महिने. सकाळी साळुंखे घरी आला, तिच्या जनावरांच्या दवाखान्यातला परिचर. धोम धरणाच्या पाण्यावर हंस उतरलेत, बर्ड फ्लूसाठी विष्ठेचे नमुने पाठवायचेत. दोन माणसं लागतात, एक गोळा करणारा, एक लिहिणारा. सु.च्या जागेवर अजून डॉक्टर आलेला नाही. ज्यांच्याकडं तात्पुरता चार्ज आहे त्यांना विचारून आलाय. "तुमचं अक्षर चांगलंय, दाजी."
दाजी. माझ्या बायकोचा भाऊ कधी झाला हा? बाकी सगळे तिला मॅडम म्हणायचे.
हो म्हणालो. अकरा हिवाळे ही दोघं तिथं काय करत होती, बघायचं होतं.

५ डिसें.
सातला धोम. हंस काठावरून पाण्यात गेले की ताजी विष्ठा साळुंखे काडीवर घेतो, कुपीत घालतो, कुपी बर्फाच्या डब्यात. मी नंबर, जागा, वेळ. लिहिणाऱ्यानं कशालाही हात लावायचा नाही. सु.चा नियम म्हणे. मला माहीत नव्हता.
मग चहा, त्याच्या थर्मासमधला, गुळाचा. ताईंना गुळाचाच लागायचा. घरी पंचवीस वर्षं बिनसाखरेचा पीत होती.
"ताई हितं लय हसायच्या."
चहानंतर परत लिहायला बसलो. दोन नंबर चुकले, खोडून परत लिहिले.

८ डिसें.
मागच्या सगळ्या हिवाळ्यांची वही घरी आणली. जागांची नावं बघायचीत, असं सांगून. दरवर्षी सु. गोळा करायची, हा लिहायचा. पानं सगळी याच्या अक्षरात. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून मात्र सु.चं अक्षर. म्हणजे वाकायचं काम यानं घेतलं.
मला आजाराचं संक्रांतीनंतर कळलं, रिपोर्ट आल्यावर. याला नोव्हेंबरात. परिचराला.
जेवलो नाही.

१२ डिसें.
पुन्हा धोम. काम संपवलं. तो हातमोजे काढत होता तेव्हा विचारलं, तुला तिनं कधी सांगितलं?
"सांगितलं न्हाई, दाजी. वाकल्या की दम लागायचा, दिसलं मला. वही त्यांच्या हातात दिली. त्याबी काय बोलल्या न्हाईत, मीबी न्हाई."
मग मला का नाही सांगितलंस?
"मला वाटलं, घरात तुमाला दिसलंच असंल."
येताना त्याच्या गाडीवर मागं बसलो. सगळा रस्ता त्याची पाठ.

१३ डिसें.
गेल्या वर्षी दिवाळीत सु.नं रांगोळी काढली नाही. कंटाळा आला म्हणाली. मी बाजारातून चिकटवायची आणली. दारात लावत होतो, ती खुर्चीवर बसून बघत होती. थोडी डावीकडं घ्या म्हणाली. घेतली.
तोच नोव्हेंबर म्हणजे.
संध्याकाळी साळुंखेचा फोन. पहिले नमुने निगेटिव्ह आलेत. शुक्रवारी परत जायचंय. "येताय न्हवं?"
बघतो म्हणालो. तो लाइनवर थांबला. फोन मीही ठेवला नाही.