उजव्या बाजूची पेटी

४ फेब्रु. ७९, रवि.
नरखेडहून सासूबाई आल्या, पिशवीभर संत्री घेऊन. सुमन गेल्यापासून पहिल्यांदाच. सत्याहत्तरच्या कोजागिरीची टेप लावली. डाव्या बाजूला सुमनच्या ओव्या, उजव्या बाजूला माझी पेटी. थोडं ऐकून म्हणाल्या, "जावईबुवा, तुमची पेटी बंद करा जी. मले पोरीलेच आयकू द्या."
उजवं बटण शून्यावर आणलं, तरी पेटी डाव्या स्पीकरात झिरपतच होती. अँप्लिफायर माझ्याच हातचा, काय सांगणार. पुढच्या रविवारी या, पेटी बंद करून ठेवतो म्हटलं.

६, मंगळ.
कचेरीतून येऊन अँप्लिफायरचं खोकं उघडलं. उजवी पिन उपसली की पेटी जाते, पण अशी घूं सुरू होते की सुमनही जाते. म्हणजे दोष शोधणं आलंच. रेकॉर्डिंगचा नाही, खात्री आहे. ती आतल्या खोलीत, मी बाहेर, तिच्या माइकात पेटी येऊ नये म्हणून मधलं दार मीच लावलेलं. दाराआडून येईल तेवढ्यावर वाजवत होतो. फार हुशारी वाटली होती तेव्हा.

८, गुरु.
दोन्ही बाजूंच्या तारा मी एकत्र पिळून बांधल्या होत्या. सुमन म्हणाली होती, "वेणीच घातली जी तुम्ही." आज ती वेणी एकेक पेड करून सोडली. एकीचा आवाज दुसरीत झिरपू न देणाऱ्या जाळीच्या तारा घातल्या. पेटी निम्मी झाली.

१०, शनि.
सापडलं. दोन्ही बाजूंचं अर्थिंग एकाच बारीक तारेतून. काटकसर माझी. दोघांना वेगळी जाड तार दिली. पेटी पार गेली. नुसती सुमन.
आणि दर ओवीनंतर खोकला. कोरडा, पदरात दाबलेला. नेमक्या त्याच जागा मी पेटीनं भरत होतो.
डॉक्टरांना, सासूबाईंना, सगळ्यांना मीच सांगितलं होतं, खोकला अठ्ठ्याहत्तरच्या संक्रांतीनंतरचा. औषधाविना तीन महिने गेले की मधले.
उद्या काय करू? जुनी तार पुन्हा जोडता येईल...

११, रवि.
जोडली नाही. पण सासूबाई आल्या तेव्हा उजवं बटण अर्ध्यावर ठेवूनच टेप लावली. भ्यालो.
"बंद करतो म्हणले होते ना?"
शून्यावर आणलं. दुसऱ्या ओवीनंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"हे कोजागिरीचंच होय ना?"
"हो."
"मंग सांगितलं काहून नाही?"
"मले आयकूच नाही आलं, आई."
टेप शेवटपर्यंत ऐकली दोघांनी. मग पिशवी उचलून दाराशी थांबल्या. "ते पुसू नका," म्हणाल्या.
पुन्हा कधी येणार ते बोलल्या नाहीत.