स्वस्तातलं गाव

सोफिया, ४ नोव्हेंबर
ती. त्स्वेताताईस योआनाचा सा. न. वि. वि.
फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते. घरमालकिणीने जानेवारीपासून भाडं वाढवलंय. माझ्या नि प्लामेनच्या पगारातला निम्मा तिच्याच घशात जाणार आणि मार्चमध्ये बाळ आलं की माझा पगार आटणार. त्याला तिकडे, तुझ्या गावी, बंदरावरच्या गोदामात काम मिळतंय. पगार कमी, पण आपल्या आईचं घर रिकामंच आहे. तो म्हणतो, हातात जास्त उरेल. हिशेब पटतो, तरी निर्णय होत नाही. तू सांगशील तसं करू.
तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
योआना

१२ नोव्हेंबर
चि. योआनास अनेक आशीर्वाद.
अगं वेडे, त्या बाईला महाल बांधून द्यायचाय का? ये इकडे. लाकूडफाटा भरलाय, तळघरात भाजल्या मिरच्यांच्या बरण्या आहेत. एक मात्र लपवत नाही. इथला बाळंतपणाचा विभाग बंद झालाय, जिल्ह्याच्या इस्पितळाला तासभर लागतो. पण मार्चपर्यंत बर्फ वितळून रस्ते मोकळे होतात आणि मी आहे ना! प्लामेनला म्हणावं, मिशा नंतर वाढव, आधी गाडीचे टायर बदल.
मावशी व्हायला उतावीळ,
त्स्वेता

जिल्हा इस्पितळ, १० फेब्रुवारी
ती. ताईस सा. न. वि. वि.
काल तू इथून निरोप न घेताच निघून गेलीस. महिनाभर आधीच आलेली पोरगी आज आपली आपण श्वास घेतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघीही गेलो असतो. ताई, तू बोलावलंस म्हणून हे झालं असं मनात आणू नकोस. आम्ही नुसतं भाडं पाहिलं, रस्ता पाहिलाच नाही. डोळे मिटले की अजून तेच दिसतं: अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली, आपली गाडी बर्फात रुतलेली, अंगाखाली रक्त, आणि तू हातांनी बर्फ उपसत ओरडतेयस की झोपू नकोस, हवं तर मला शिव्या दे.
आम्ही सोफियाला परत जातोय. प्लामेनला जुन्या मालकाने परत कामावर घेतलंय. खोली एकच परवडेल. पण बर्फ उपसताना तू छाती धरून खाली बसलीस, ते मी पाहिलंय. तिथे तुला काही झालं तर गाडीत कोण घालेल? प्लामेन शनिवारी तुला न्यायला येईल. नाही म्हणू नकोस.
वाट पाहणारी,
योआना

१३ फेब्रुवारी
चि. योआनास आशीर्वाद.
एका खोलीत चौघं म्हणजे प्लामेनचं घोरणंही वाटून घ्यावं लागणार. ‘नाही’ असंच लिहिणार होते. पण काल पाव आणायला गेले आणि दुकानाच्या पायरीवरच बसले. उठताच येईना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घाबरले गं.
शनिवारपर्यंत थांबू नका. शुक्रवारीच पाठव त्याला.
तुझी,
ताई