आइस्क्रीमवर सुटलेला भाचा

पॅसिफिक महासागर,
ऑक्टोबर १९४४
(याहून नेमका पत्ता लिहिला तर सेन्सॉर कात्री लावतो. तसंही चारी बाजूंना पाणीच आहे, खूण कशाची सांगणार?)

आदरणीय ऑगस्टमामा,

डाव्या गुडघ्याला बँडेज असल्यामुळे वाकता येत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार करतो, तो गोड मानून घ्यावा. मी खुशाल आहे. तुमच्या पायाचा अंगठा सुजायचा थांबला का? फ्रीडामामींच्या चीजला यंदा जत्रेत पहिला नंबर मिळाला, की पुन्हा परीक्षकांनाच चव कळली नाही? गर्ट्रूड गाय व्यायली का? (नसेल तर तिला सांगा, लढाई चालू आहे, सगळ्यांनाच उशीर होतोय.) एक विनंती मात्र आधीच करून ठेवतो. हे पत्र आईसमोर वाचू नका, गोठ्यात वाचा. तिच्या समजुतीप्रमाणे मी जहाजावर कागदपत्रं लावायच्या कामाला आहे आणि कागदाने बोट कापण्यापलीकडे मला कसलाही धोका नाही.

तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही लिहिलंय, की पेपरात वाचलं, तुम्ही लोक तिकडे जहाजावर बसून आइस्क्रीम खाता. दुधाचा कंटाळा आला म्हणून आमची डेअरी सोडून पळालास आणि आता सरकारी खर्चाने तेच चाटतोस. मामा, अगदी खरं आहे. शत्रू अधूनमधून वरून बाँब टाकतो, तेवढा व्यत्यय सोडला तर आम्ही खातच असतो. तेही भुकटीच्या दुधाचं. (हे वाक्य फ्रीडामामींना वाचून दाखवू नका, त्यांना झोप लागणार नाही.) पण त्याच आइस्क्रीमवर तुमचा भाचा परवा सुटून आला, तेव्हा त्याला नावं ठेवण्याआधी पुढचं वाचा.

आम्ही विमानातून शत्रूच्या जहाजांवर बाँब टाकायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या पाठीला पाठ लावून मशीनगनवर बसणारा गनर, ओटिस प्रुइट. (हा आर्कान्सॉचा. त्याच्या मते देवाने डुक्कर निर्माण केल्यावर बाकीचे प्राणी उगाच केले, तेव्हा गाईंवरून आमचं रोज वाजतं.) बाँब टाकला. तो कुठे पडला म्हणाल तर समुद्रात पडला. समुद्र मोठा आहे, त्याच्यावरचा नेम सहसा चुकत नाही. शत्रूचा नेम माझ्याहून बरा निघाला, त्याने आमच्या पेट्रोलच्या टाकीला भोक पाडलं. कसेबसे आपल्या विमानवाहू जहाजापाशी पोचलो तेव्हा काटा शून्यावर टेकला होता. आमच्याकडे उतरायची पद्धत अशी, की डेकच्या टोकाला एक अधिकारी दोन हातांत दोन रंगीत फळ्या घेऊन उभा असतो. तो जसा हात हलवील तसं मुकाट्याने खाली यायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. (ही अट माझ्यासारख्याच्या फार सोयीची आहे.) पण माझी पाळी आली तेव्हा त्याने दोन्ही फळ्या डोक्यावर नाचवल्या. म्हणजे जा, पुन्हा फिरून ये. कारण डेकच्या मधोमध हॉलिसचं विमान नाक टेकून आडवं पडलं होतं. हॉलिस हा माझा खोलीतला सोबती. वाटेत गाडी आडवी लावायची त्याला टेक्सासपासूनची सवय आहे. फिरून यायला पेट्रोल लागतं, हे त्या फळीवाल्या साहेबांना वरून समजावून सांगायची सोय नव्हती, म्हणून आम्ही समुद्रात उतरलो.

मामा, इथे थट्टा जमत नाही. विमान भराभर बुडायला लागलं आणि माझा पट्टा सुटेना. पाणी डोळ्यांवरून गेलं. मी भयंकर घाबरलो. आई आठवली, आणि खोटं कशाला बोलू, तुमच्या डेअरीतल्या ओल्या फरशीचा वास आठवला, ज्याला कंटाळून मी पळालो होतो. ओटिसने पट्टा कापून मला बाहेर ओढलं. रबरी होडीत पडल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "साहेब, डुकराला पोहता येतं. गाईचं काय ते तुम्ही सांगा." गाईलाही येतं, पण त्या वेळी तोंडात पाणी असल्यामुळे मुद्दा मांडायचा राहिला.

पाण्यात पडलेल्यांना उचलायला आमच्या मागे एक विनाशिका ठेवलेली असते. तिच्यावरच्या लोकांनी आम्हाला उचललं, कोरडे कपडे दिले, ब्रँडी दिली. मी म्हटलं, काय देवमाणसं आहेत! तेवढ्यात कोवाल्चिक नावाचा त्यांचा दांडगा मुकादम बटाट्याची पोती तोलायचा काटा घेऊन आला आणि म्हणाला, "चला, चढा." इथला रिवाज तुम्हाला ठाऊक नसणार. विनाशिका छोटी, तिच्यावर आइस्क्रीमचं मशीन नसतं. विमानवाहू जहाजावर असतं. तेव्हा पायलट परत हवा असेल तर त्याच्या वजनाइतकं आइस्क्रीम पाठवायचं. तुम्ही दूध मोजताना फेस धरत नाही, या लोकांनी माझ्या बुटांतलं पाणीसुद्धा धरलं. मग दिव्याच्या उघडझापीने सौदा सुरू झाला. सिग्नलवाला मोठ्यांदा वाचत होता. "तुमचा पायलट सापडलाय." "कोणता?" "कॅस्पर."  मग उत्तर आलं, "गनर तेवढा पाठवून द्या." ओटिस पोट धरून हसला. पुढचा निरोप आला, की थट्टा केली, दोघेही हवेत, पण मशीन बिघडलंय. कोवाल्चिक म्हणाला, "असं सगळेच म्हणतात! बसवा रे या साहेबाला बटाटे सोलायला."

मी आनंदाने बटाटे सोलले असते, पण त्यानंतरचा निरोप हॉलिसचा होता. तुझी पेटी बांधून ऑफिसात दिली, माफ कर. आमच्याकडे पायलट परतला नाही, की खोलीतल्या सोबत्याने त्याचं सामान पेटीत भरून द्यायचं, म्हणजे पुढच्या तेलवाहू जहाजाबरोबर ते त्याच्या घरी रवाना होतं. हॉलिसने जन्मात कुठलं काम वेळेवर केलेलं नाही, नेमकं हेच केलं. आम्ही जिवंत असल्याचं कळल्यावर ऑफिसने आईला जाणारी तार थांबवली. पेटी मात्र मालकाने समक्ष येऊन सही केल्याशिवाय परत मिळणार नाही, असं कारकुनाने कळवलं. मालक समोरच्या जहाजावर बटाटे सोलताना दुर्बिणीतून दिसत होता, पण दिसणं म्हणजे समक्ष असणं नव्हे. आणि तेलवाहू जहाज दुसऱ्याच दिवशी सकाळी येणार होतं.

एल्सबेथमावशींच्या वॉल्टरची पेटी तुम्हाला आठवत असेल. तो गेल्याची तार यायच्या आधी पेटी आली आणि त्या नेमक्या फलाटावर उभ्या होत्या. आई रोज दुधाचे कॅन चढवायला त्याच फलाटावर जाते, मामा. मला दुसरं काही सुचेना.

मी सिग्नलवाल्याला म्हटलं, विचार, साय मशीनच्या भिंतीला गोठून बसते का आणि मोटर कण्हते का? उत्तर आलं, हो. म्हणजे ज्यावरून तुम्ही डेअरीतल्या प्रत्येक नव्या माणसाचा कान पिरगाळता तीच भानगड! कुणीतरी धुतल्यावर आतलं पातं उलटं बसवलं होतं. "पातं सुलटं करा" असा निरोप दिव्याने गेला आणि ताफ्यातल्या सगळ्या जहाजांनी वाचला. ऐकतो, की ॲडमिरलसाहेबांच्या कचेरीत हा कोणत्या हल्ल्याचा गुप्त हुकूम, म्हणून मोठमोठी पुस्तकं उघडली गेली. मशीन चाललं. आइस्क्रीम जमलं. ते नीट जमलंय का हे बघायला आमच्या जहाजावर रांग लागली आणि पहिला घाणा बघण्यातच संपला.

सकाळी एकदाचा दोन जहाजांमध्ये दोर टाकला. आधी तिकडून आइस्क्रीम आलं. कोवाल्चिकने ते चाखून पसंत केलं, मग ओटिसला सोडलं, मग मला. मी दोराला टांगलेल्या खुर्चीत बसून चाललो असताना त्यांच्या माणसांनी दोर सैल सोडून मला एकदा समुद्रात बुचकळून काढलं. (हा रिवाजाचा भाग नाही, हौस आहे.) तिथेच गुडघा आपटला. तसाच लंगडत ऑफिसकडे धावलो. कारकून म्हणाला, सही कुठे करायची ते दाखवतो, पण पेटी नाही. जहाजाच्या डाव्या अंगाने मी आत येत होतो तेव्हा उजव्या अंगाने माझी पेटी दोरावरून तेलवाहू जहाजात चालली होती. ती न भिजता पोचली.

असो. बाकी इथे सर्व क्षेम. मामींना नमस्कार, गर्ट्रूडच्या वासराला माझा पापा.

तुमचा (कधी नव्हे तो) आज्ञाधारक भाचा,
कॅस्पर

ता. क. : काम तुमच्या लक्षात आलं असेलच. रोज गाडीच्या वेळेला आईच्या आधी स्टेशनवर जायचं आणि पेटी उतरताच तुमच्या ट्रकमध्ये टाकून दुधाच्या कॅनांमागे लपवायची. पेटी जहाजाने येतेय आणि हे पत्र विमानाने, तेव्हा विमानाचा काय उपयोग, हे जे तुम्ही मला नेहमी विचारता, त्याचं उत्तर परस्पर मिळेल.

ता. क. दुसरा : माझ्या सगळ्या पँटी पेटीत गेल्यामुळे मी हॉलिसची घालून हिंडतोय. ती आखूड आहे. ओटिस म्हणतो, आता तुम्ही अगदी डेअरीवाले दिसता.

ता. क. शेवटचा : उद्या आम्हाला पुन्हा वर जायचंय. पेटी परत पाठवू नका, गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवा आणि तिच्यावरचं माझं नाव खरवडून काढा. तरीही आईने पाहिलीच आणि विचारलंच, तर सांगा, डेअरीत नवा माणूस ठेवतोय, त्याचं सामान पुढे आलंय. मामा, हे खोटं ठरू नये, एवढीच माझी विनंती आहे. तिकडून तुम्ही बघा, इकडून मी बघतो.