तांड्याच्या बोअरचं पोर्टल

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ६
नवा संकल्प. जिल्ह्यातल्या बोअरचं पाणी सरकारी लोक तपासतात, निकाल नेटवर टाकतात. उघडे, फुकट. पण सगळे आडवे स्कॅन केलेले पीडीएफ. कुठल्या गावच्या पाण्यात काय आहे आणि तिथं आजार कोणते, हे संशोधकांनी जुळवायचं कसं? मी जुळवून देणार. एक स्वच्छ तक्ता, एक पोर्टल. वसमतच्या कॉलेजात अठरा वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवतोय, दुसरं कोण करणार? २६ जानेवारीला लोकार्पण. अपर्णाला सांगितलं. ती म्हणाली, गॅस संपलाय.

१९ जानेवारी
लोगो झाला. थेंब, आत स्टेथोस्कोप. निळ्याच्या सात छटा पाहिल्या. तक्त्याला उद्या हात.

२५ जानेवारी
२६ तारीख अव्यवहार्य होती. एकट्या कुरुंद्याची इंग्रजी स्पेलिंगं पाच निघाली. आधी गावांच्या नावांचं धोरण हवं. अकरा पानं लिहून झाली. असं धोरण देशात कुणाकडे नसावं.

८ फेब्रुवारी
कुरुंद्याच्या अलीकडच्या तांड्यावरून धुरपताबाई आल्या. तिथल्या आशा सेविका आहेत, सरकारी आरोग्याचं काम घरोघर बघतात. माझी कीर्ती तिथवर पोचलेली दिसते. तांड्यात एकतीस माणसांचे गुडघे वाकत नाहीत, पोरांचे दात तपकिरी, अशी यादी बाईंनी स्वतः केलीय. म्हणाल्या, "सर, आमच्या बोअरचं पाणी कसं हाय, तेवढं पाहून सांगा. सव्वा वर्साचं लेकरू हाय माझ्या घरात."
मी समजावलं, सुटा आकडा म्हणजे विज्ञान नव्हे. पोर्टल येऊ द्या, मोबाइलवरच दिसेल. बाईंनी चहा घेतला, मान हलवली. पटलं असावं.

२ मार्च. दुपार
ओळ ४१२. तोच तांडा! फ्लोराईड लिटरला ३.८ मिलिग्रॅम. मर्यादा दीड. अख्ख्या तक्त्यात याहून मोठा आकडा नाही. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. नकाशावर हा ठिपका उठून दिसणार. लाल रंगानं लोक घाबरतात, म्हणून केशरी.
अपर्णा म्हणाली, त्या बाईंना आत्ता फोन कर. म्हटलं, पडताळणीआधी आकडा फोडणं बेजबाबदारपणा. शिवाय मग लोकार्पणाला उरलं काय? (हे तिला बोललो नाही.) ती दोन दिवस बोलणार नाही. काम होईल.

१६ मार्च
हिंगोलीत चर्चासत्र. माझ्या चोवीस स्लाइड. टाळ्या. डॉ. गुंजन म्हणून एक बाई, हाडांच्या आजारांवर संशोधन करतात. म्हणाल्या, सर, आहे तसा तक्ता द्या, चुका मी काढते. चारचौघांत! म्हटलं, अर्धं शिजलेलं मी कुणाला वाढत नाही. तोवर कुठल्या गावात जाऊ, असं त्यांनी विचारलं. सगळीकडेच जायला हवं, म्हटलं. लोक हसले. त्या हसल्या नाहीत. उत्साही आहेत, पण शिस्त नाही.

३० मार्च
घोळ झाला. फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि सगळ्या गावांची नावं प्रश्नचिन्हं झाली. नऊशे ओळी. आकडे शाबूत, गावं नाहीत. बॅकअप आहे, पण लोगोचा.
त्यातच धुरपताबाईंचा फोन. एप्रिलमध्ये नक्की, म्हटलं. त्यांनी विचारलं, कोन्त्या सालच्या? लोकांना डेटाबद्दल सबुरीच नाही.

२० एप्रिल
पोर्टलच्या पहिल्या पानासाठी फोटो हवा होता. हापशावर पाणी भरणाऱ्या बाया, मागं शेत. तांड्यावर गेलो. हापशाला साखळी, वर पाटी: पिण्यास अयोग्य. बाया नव्हत्या. त्या आता किलोमीटरभर चालून रस्त्याकडेच्या विहिरीवर जातात.
धुरपताबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं. डॉ. गुंजन गेल्या आठवड्यात आल्या. तोच आडवा पीडीएफ त्यांनी मोबाइल आडवा धरून वाचला होता. आल्याबरोबर पाणी पुन्हा तपासलं, यादीतल्या एकेकाला बघितलं, पंचायतीला सांगून हापसा बंद करवला. दोन दिवस लागले.
चांगलं झालं, म्हणालो, पण अशा कामाची एक पद्धत असते.
त्यांनी ते ऐकलं नाही. विचारलं, "सर, तुमाला कधी कळलं व्हतं?"
म्हणालो, "आत्ता. तुमच्याकडूनच."
"व्हय का," म्हणाल्या. "अगुदर कळलं असतं तर लेकराला तरी येगळं पाजलं असतं. बाकी आमचं काय, आमचं झालं."
मग उठून मला तांब्याभर पाणी दिलं. विहिरीचं हाय, घ्या, म्हणाल्या. मी प्यायलो.
दोन मार्चपासून आज एकोणपन्नास दिवस होतात.
फोटो काढला नाही.