मानाचा नारळ ठरवणारं यंत्र

२ जुलै १९६३, श्रीवर्धन
होड्या किनाऱ्यावर ओढल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत वेळच वेळ. तर्कशास्त्राचं पुस्तक मुंबईहून आलं. निम्मं समजलं, म्हणजे झालंच. यंदा दर्याला मानाचा पहिला नारळ मीच सोडणार. दरवर्षी वशिला चालतो. यंदा यंत्र निवडेल.

९ जुलै
यंत्र सोपं आहे. साबणाचं खोकं, टॉर्चचे सेल, दोन बल्ब. यंदा नावं दोनच, म्हणून एक बल्ब माझा, एक मेहुण्याचा, म्हणजे दयारामचा. प्रत्येकाला तीन बटणं. एक बटण म्हणजे एक नियम. तिन्ही दाबली तरच दिवा. यंत्राला मन नाही, म्हणून ते दगा देत नाही.

१४ जुलै, दुपार
नियम. पहिला, स्वतःची होडी हवी. दुसरा, कोळीवाड्यात कुणाशी भांडण नको. (दयाराम आउट. परवाच माझ्याशी कडाकडा भांडला.) तिसरा सुचेना. बायको म्हणाली, जो मान मागतो त्याला देऊ नये, अशी रीतच हाय. शोभेला घातला. गोदू कधी कधी बरं बोलते.

२१ जुलै
मान कुणाला ते ठरवणाऱ्या बाबाजी पाटलांना यंत्र पसंत. मनाचा मोठेपणा दिसावा म्हणून चारचौघांत जाहीर केलं, माझं दयारामशी काही भांडण नाही. टाळ्या पडल्या.

४ ऑगस्ट
दगा झाला. अख्खा कोळीवाडा जमला होता. पाटील विचारत गेले, बटणं दाबत गेले. दयारामचं कुणाशी भांडण? कुणाशीच नाही म्हणे. होतं ते माझ्याशी, आणि ते मीच मिटवून बसलो. मान मागितला? नाही. दिवा लागला.
माझं तिसरं बटण आलं. पाटलांनी गोदूला विचारलं. व्हय, म्हणाली, आखाड लागल्यापासून रोज मागतायत, झोपेतसुद्धा. माझी बायको ही!
आणि ते खोकं. सेल माझे, वायर माझी, नियम माझे. माझा हेतू काय, एवढं त्याला कळू नये?

५ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
 किनाऱ्यावर मागे उभा राहिलो. दयारामने येऊन नारळ माझ्यापुढे धरला. भाऊजी, तुम्हीच सोडा, म्हणाला, मला हौस न्हाय. मी हात पुढे केलाही. पाटलांनी अडवलं. म्हणाले, हरेश्वरने एवढं खपून यंत्र केलंय, त्याचा निकाल मोडला तर त्याच्या जिवाला लागेल. सगळे म्हणाले, व्हय व्हय.
नाही लागणार, असं सांगायला तोंड उघडलं. पण ते मागणंच झालं असतं. पाटलांचं बरोबर आहे, एवढंच म्हटलं.
नारळ दयारामने सोडला.