सात पायऱ्या आणि माझं स्वतःचं नाक

मी, डॉ. जीवराम उखर्डू भंगाळे, वय अडुसष्ट, धंदा कान-नाक-घशाची डॉक्टरकी, मूळ फैजपूरचा, राहणार जळगाव, पूर्ण शुद्धीत व कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. नाक नाही, म्हणून तर हा खटाटोप. कपाळाच्या पोकळीत गाठ निघाली असून उद्या दुर्बिणीतून ऑपरेशन आहे.

१. राहतं घर व बँकेतील ठेवी पत्नी मंदाबाई हिला. माझे विद्यार्थी भरताच्या वांग्यात देठाकडून दुर्बीण घालून, साल न फाडता बिया काढायला शिकले. त्या वांग्यांचं भरीत ती वर्षानुवर्षं मुकाट्याने करत आली. मुकाट्याने नाही, पण करत आली.

२. फैजपूरची केळीची जमीन चिरंजीव तेजस यास. ऑपरेशनसाठी मला मुंबईला न्यायला त्याने दारात गाडी लावून ठेवली आहे, ती कृपया काढावी.

३. माझ्या 'सात पायऱ्यां'ची भिंतीवरची चौकट जामनेरचे डॉ. जिनेश यांना. दुर्बीण स्थिर धरणं ही पहिली पायरी, कपाळाची पोकळी ही सातवी. तिथे वर मेंदू, बाजूला डोळा. मधल्या पायऱ्या मी अवघडपणानुसार लावल्या. भर परिषदेत या गृहस्थाने विचारलं, "अवघड कोणासाठी, भंगाळे?" तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललो नाही. नाकाचा वाकडा पडदा सरळ करणं मला धड जमत नसे, म्हणून ते काम थेट सहाव्या पायरीवर. अशी आमची शास्त्रीय पद्धत!

४. दवाखाना, दुर्बीण व सर्व हत्यारं माझी विद्यार्थिनी डॉ. नूतन पुना पाटील हिला. पडदा तिला पहिल्याच वर्षी जमला. मी म्हणालो, वांगी अजून नीट होत नाहीत. सातव्या पायरीशी पोचली की दर वेळी मी "आण इकडे" म्हणून दुर्बीण हिसकावून घेई. शेवटी ती धुळ्याला गेली आणि तिथे हीच ऑपरेशनं एकटीने करू लागली. मला सांगितलं नाही. मी चिडेन म्हणून. मी चिडलोच.

आता अख्ख्या खानदेशात माझा विश्वास बसेल असे दोघांचेच हात आहेत. त्यातले माझे माझ्याच नाकात घालता येत नाहीत. तिला फोन करायलाही मी कां-कूं करत होतो. तेव्हा माहेर धुळ्याचं असलेली मंदा तिच्या बोलीत कडाडली, "बठ्ठं तुमलेच येस का? आते तरी पोरले करू द्या!" (बठ्ठं म्हणजे सगळं; पोर म्हणजे नूतन, आणि उद्या तीच करणार आहे.)

५. उद्या काही बरंवाईट झालं, दृष्टी गेली वा मीच गेलो, तरी नूतनला कोणी एक शब्द बोलायचा नाही. तेजस, हे तुला आहे. मला भीती वाटते आहे. पण तिच्या हाताची नाही.

६. चौकटीत आठवी पायरी लिहून घ्यावी: हात मागे बांधून शिष्याचं काम बघणं. सर्वांत अवघड तीच. मला कधी जमली नाही. उद्या भूल देऊन जमवण्यात येईल.

७. भूल चढताना वा उतरताना मी "आण इकडे" म्हणालो, तर ते या मृत्युपत्राविरुद्ध समजावं आणि दुर्बीण देऊ नये.

सही: जीवराम उखर्डू भंगाळे
साक्षीदार: १. डॉ. रूपल जैन, भूलतज्ज्ञ (कलम ७ वाचलं. डोस त्याप्रमाणे.) २. लताबाई सपकाळे, परिचारिका
जळगाव, दि. १७ जानेवारी २०२५